मोबाइलवरील रणांगण: भूमिका कोणती घ्यावी आणि खजिना कसा खर्चावा?

अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला लायोनेल रॉबिन्स यांची १९३२ सालची व्याख्या आपल्या कानांवर पडते. गरजा अनेक, साधने थोडी, आणि त्या साधनांचे उपयोग मात्र निरनिराळे. मग निवड कशी करावी, याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. ही व्याख्या आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. सायंकाळी त्याच वर्गातील पाच जण वसतिगृहाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसतात, मोबाइलवर लढाईचा खेळ सुरू करतात आणि पंधरा-वीस मिनिटे नेमका हाच अभ्यास करीत असतात. पाचांपैकी कोणी कोणते काम करावे आणि मिळालेले थोडे सोने कशावर खर्चावे, हे दोन प्रश्न त्या खेळाचे प्राण होत.

वडीलधाऱ्यांना वाटते, ही नुसती बोटे आपटण्याची करामत आहे. खेळणाऱ्यांपैकीही पुष्कळांना तसेच वाटते, आणि म्हणूनच पुष्कळ संघ सामना सुरू होण्यापूर्वीच हरलेले असतात. प्रस्तुत लेखात या खेळातील भूमिका आणि सामग्री यांची निवड कशी करावी, याचा थोडा विचार केला आहे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाही नाही अशा वाचकांनाही तो कळावा, म्हणून आरंभी रणांगणाची ओळख करून देतो.

खेळाची कुळकथा

पाच विरुद्ध पाच अशा या लढाईच्या खेळांचे मूळ संगणकावरील आहे. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळात हौशी खेळाडूंनी स्वतःच नकाशे तयार केले. त्यांपैकी 'डोटा' नावाचा २००३ सालचा नकाशा फार गाजला. त्याच धर्तीवर अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' हा स्वतंत्र खेळ आणला. पुढे हे सारे मोबाइलवर उतरले. चीनमध्ये २०१५ साली 'ऑनर ऑफ किंग्ज' आला, २०१६ साली 'मोबाइल लेजेंड्स' आला, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून एकेका प्रदेशात 'लीग ऑफ लेजेंड्स'ची मोबाइल आवृत्ती 'वाइल्ड रिफ्ट' खुली होऊ लागली. आपल्या देशात २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत 'मोबाइल लेजेंड्स' होता, हे अनेकांना आठवत असेल. या लेखात उदाहरणे घेतली आहेत ती 'वाइल्ड रिफ्ट'ची. तथापि यातील तत्त्वे या जातीच्या कोणत्याही खेळाला लागू पडतात.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी. पैसे लावून खेळायचे जे खेळ असतात, त्यांच्याशी याचा संबंध नाही. संसदेने २०२५ साली केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यातही पैशांचे खेळ एकीकडे व ई-स्पोर्ट्स दुसरीकडे असा भेद केलेला आहे. 'वाइल्ड रिफ्ट'मध्ये खरे पैसे देऊन आपल्या वीराला नवा पोशाख घेता येतो. पण पोशाखाने त्याचा घाव तसूभरही जड होत नाही. तेव्हा खिशातील पैशाने सामना जिंकता येत नाही. सामन्यात जे सोने खर्चायचे ते सामन्यातच मिळवावे लागते, आणि सामना संपला की सर्वांचे खाते पुन्हा शून्यावर येते.

रणांगण

चौकोनी मैदानाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन संघांचे तळ. तळाच्या पोटात 'नेक्सस' नावाची मुख्य वास्तू. ती ज्याची फुटली तो हरला. दोन तळांना जोडणाऱ्या तीन वाटा असतात. त्यांना 'लेन' म्हणतात. प्रत्येक वाटेवर दोन्ही बाजूंचे बुरूज, म्हणजे टॉवर, उभे असतात आणि ठरावीक वेळाने प्याद्यांच्या रांगा आपोआप चालत जाऊन एकमेकींना भिडतात. या प्याद्यांना 'मिनियन' म्हणतात. वाटांच्या मधल्या भागात जंगल असते. तेथे श्वापदे असतात, आणि नदीकाठी ड्रॅगन व बॅरन हे दोन बलाढ्य राक्षस असतात. त्यांना मारणाऱ्या संघाला विशेष बळ प्राप्त होते.

सोने मिळते ते असे: शत्रूच्या प्याद्याला शेवटचा घाव ज्याचा, त्याला त्याचे पूर्ण मोल. श्वापद मारले, बुरूज पाडला, शत्रूचा वीर पाडला, तरी सोने. हे सोने तळावर परत जाऊन दुकानात खर्चावयाचे. वीराजवळ सामग्रीच्या जागा सहाच असतात.

यातून पहिला महत्त्वाचा मुद्दा निघतो. वाटेवर येणारी प्यादी मर्यादित आहेत. एकाच वाटेवर दोघे उभे राहिले आणि दोघांनीही प्यादी मारण्याचा सपाटा लावला, तर दोघेही अर्धपोटी राहतात. पाच जणांना एकाच वेळी श्रीमंत होता येत नाही. संघाचा खजिना कोणाच्या हाती एकवटावा आणि थोडक्यात कोणी भागवावे, या प्रश्नातूनच भूमिकांचा जन्म झाला आहे.

पाच भूमिका

बॅरनच्या बाजूच्या वाटेवर एकटा उभा राहणारा पहिला. येथे बहुधा जाड कातडीचा वीर असतो: तलवार फिरवणारा गॅरेन, किंवा अंगच दगडाचे असलेला माल्फाइट. त्याने एकट्याने वाट धरून ठेवायची आणि मोठ्या लढाईत पुढे होऊन घाव झेलायचे.

दुसरा जंगलर. याला स्वतःची वाट नाही. श्वापदांवर गुजराण करावी, आणि ज्या वाटेवर शत्रू बेसावध दिसेल तेथे अचानक प्रकट व्हावे. ली सिन, अमुमू हे या कामाचे वीर. ड्रॅगन किंवा बॅरनवरचा शेवटचा घाव साधण्यासाठी 'स्माइट' नावाची खास विद्या याच्याकडे असते; ती क्षणभर आधी किंवा उशिरा वापरली तर राक्षस शत्रूच्या पदरात जातो.

तिसरा मधल्या वाटेचा. याला 'मिड' म्हणतात. येथे आरी, लक्स यांसारखे मंत्रविद्येचे वीर शोभतात. मधली वाट सर्वांत आखूड. त्यामुळे येथून दोन्ही बाजूंना मदतीला धावता येते.

चौथा ड्रॅगनच्या बाजूचा नेमबाज. जिंक्स, ॲश हे दुरून मारा करणारे वीर. आरंभी हा काचेच्या भांड्यासारखा नाजूक असतो. पण सामग्री पूर्ण झाली की बुरूज आणि राक्षस याच्या माऱ्यापुढे टिकत नाहीत. याला खेळाडू 'कॅरी' म्हणतात, कारण अखेरीस संघाला वाहून नेणारा हा.

पाचवा त्याच वाटेवर त्याच्या सोबतीला असलेला सपोर्ट. आपण त्याला पाठीराखा म्हणू. हा प्यादी मारीत नाही. ती नेमबाजासाठी सोडतो. ब्राउम ढाल धरून बाण अडवतो, सोराका जखमा भरते, लुलू मित्राला संरक्षण देते. शिवाय अंधाऱ्या जागी 'वॉर्ड' नावाची टेहळणीची खूण लावून शत्रूची हालचाल संघाला दाखवणे, हे मुख्यतः याचेच काम.

कबड्डी पाहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. चढाई करणाऱ्याच्या नावाने मैदान दुमदुमते. पण कोपऱ्यातल्या गड्याने घोटा पकडला नाही, किंवा कव्हरच्या गड्याने वेळेवर झेप घेतली नाही, तर नुसत्या चढायांवर सामना निघत नाही. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे जे उदाहरण दिले, तेही हेच सांगते. काम वाटून घेतल्यामुळे दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करीत. प्रत्येकाने सर्व कामे एकट्याने केली असती तर एकेकाला वीस टाचण्याही जमल्या नसत्या, असे ते म्हणतात.

कोणी काय व्हावे?

येथे सर्वसाधारण समजूत अशी की जो सर्वांत चांगला खेळतो त्याने नेमबाज व्हावे आणि जो कच्चा त्याने पाठीराखा. ही समजूत किती फसवी आहे हे पाहण्यासाठी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली तौलनिक लाभाचा सिद्धांत मांडला. कापड आणि मद्य दोन्ही वस्तू पोर्तुगाल इंग्लंडपेक्षा कमी श्रमात करतो असे धरले, तरी पोर्तुगालने मद्य करावे आणि इंग्लंडने कापड, यातच दोघांचा लाभ, असे त्यांनी दाखवून दिले.

हाच हिशेब आपल्या संघाला लावू. समजा, दोन मित्र आहेत. पहिला नेमबाज म्हणून संघाला १० गुणांचे काम देतो आणि पाठीराखा म्हणून ९ गुणांचे. दुसरा नेमबाज म्हणून ८ आणि पाठीराखा म्हणून अवघे ३. पहिला दोन्ही कामांत सरस आहे. रूढ समजुतीप्रमाणे पहिला नेमबाज व दुसरा पाठीराखा केला, तर बेरीज १३ होते. उलट केले, तर ९ अधिक ८ म्हणजे १७. म्हणजे संघातील उत्तम खेळाडूनेच दुय्यम समजली जाणारी भूमिका घ्यावी, असा निर्णय येथे आकडे देतात. 'मी यात चांगला आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'मी हे सोडून दुसरे केले, तर संघाचे किती नुकसान होईल?' हा खरा प्रश्न.

याखेरीज आणखी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हातातील साधन. सर्वांचे मोबाइल सारखे नसतात. ज्याचा जुना मोबाइल लढाईच्या ऐन रंगात अडखळतो, किंवा ज्याच्या खोलीत नेटवर्क उशिरा पोहोचते, त्याला जंगलरचे काम देणे म्हणजे त्याची फजिती करणे होय. कारण स्माइटचा खेळ क्षणाच्या अंशाचा असतो. बाण चुकवत चुकवत मारा करणारा नेमबाजही त्याला जड जाईल. त्याने माल्फाइटसारखा, एका झेपेत अनेकांना उडवणारा वीर घ्यावा, किंवा मित्रावर बोट टेकताच संरक्षण देता येते असा पाठीराखा घ्यावा. साधन गरीब असले म्हणून खेळाडू गरीब ठरत नाही. फक्त त्याच्या साधनाला पेलेल असे काम शोधावे लागते.

दुसरी, स्वभाव. काहींची नजर आपल्या वीरावर खिळलेली असते; काहींची वारंवार कोपऱ्यातील छोट्या नकाशाकडे जाते. दुसऱ्या प्रकारच्या मनुष्याला जंगल किंवा पाठराखण द्यावी. त्याला सहा सेकंद आधी धोका दिसतो, आणि या खेळात सहा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.

तिसरी, संघाचा समतोल. पाचही वीर शारीरिक घाव घालणारे असतील, तर शत्रू केवळ चिलखत विकत घेऊन सर्वांना एकाच खर्चात निकामी करतो. मंत्राचा मारा करणारा निदान एक असला, की शत्रूला दोन प्रकारची संरक्षणे घ्यावी लागतात आणि त्याचे सोने विभागले जाते. तसेच समोरून घाव झेलणारा कोणी नसेल, तर नेमबाज कितीही कुशल असो, तो उभा राहणार कोणाच्या मागे?

खजिन्याचा हिशेब

आता सामग्रीकडे वळू. वीरावर कोणती सामग्री कोणत्या क्रमाने चढवावी या योजनेला खेळाडू 'बिल्ड' म्हणतात. येथे गणिताची खरी मौज आहे.

प्रथम बचाव. चिलखत, म्हणजे आर्मर, १०० असेल तर शारीरिक घाव निम्मा होतो. चिलखत २०० झाले तर घावाचा एक तृतीयांश भाग लागतो. ३०० झाले तर एक चतुर्थांश. नियम साधा आहे: शंभराला, शंभर अधिक चिलखत या बेरजेने भागावे; जो अपूर्णांक येईल तितका घाव लागतो. हे आकडे पाहून पुष्कळ जण म्हणतात, 'पहिल्या शंभराने पन्नास टक्के वाचवले, दुसऱ्या शंभराने जेमतेम सतरा, तिसऱ्याने आठ. म्हणजे घटत्या फलाचा नियम.' पण हे खरे नव्हे. वीराचे प्राणबल २,००० आहे असे धरा. चिलखत १०० असता त्याला पाडण्यास शत्रूला ४,००० चा मारा करावा लागतो. २०० असता ६,००० चा. ३०० असता ८,००० चा. प्रत्येक शंभरामागे वाढ तीच, २,००० ची. टक्केवारी घटताना दिसते, पण उभे राहण्याची शक्ती समान पावलांनी वाढत असते. नफ्याची टक्केवारी पाहावी की नफ्याची रक्कम, हा जमाखर्चातला जुना वाद येथेही भेटतो.

मग चिलखतच घेत सुटावे काय? तसेही नाही. वरच्याच वीराचे प्राणबल २,००० व चिलखत २०० आहे. पुढील सोन्यात त्याला चिलखत १०० ने किंवा प्राणबल १,००० ने वाढवता येते असे समजू. चिलखत वाढवले तर शक्ती ८,००० होते. प्राणबल वाढवले तर ३,००० ची तिप्पट, म्हणजे ९,०००. येथे प्राणबल सरस. दुसरा एक वीर घ्या: प्राणबल ४,००० आणि चिलखत अवघे ५०. त्याचीही शक्ती आज ६,००० च आहे. पण त्याने चिलखत १०० ने वाढवले तर ती १०,००० होते, आणि प्राणबल १,००० ने वाढवले तर ७,५००. म्हणजे एकच वस्तू एकाला लाभाची आणि दुसऱ्याला तोट्याची. तात्पर्य, ज्या दोन गोष्टींचा गुणाकार होतो त्यांतील जी मागे पडली असेल तिच्यावर खर्च करावा.

शिवाय चिलखत केवळ शारीरिक घावापुरते. मंत्राच्या माऱ्यासाठी वेगळे संरक्षण असते. प्राणबल मात्र दोहोंविरुद्ध उपयोगी. म्हणून शत्रूच्या पाचांत मारक कोण आहे, हे पाहिल्याशिवाय चिलखत घेणे म्हणजे पाऊस आहे की ऊन हे न पाहता छत्री घेणे होय.

माऱ्याचेही असेच आहे. नेमबाजाचा एक घाव १०० चा आणि सेकंदाला एक घाव, असे सोयीसाठी धरू. सर्व सोने घावाच्या जोरावर लावून तो १६० केला, तर सेकंदाला मारा १६०. सर्व सोने वेगावर लावून वेग १.६ केला, तरी १६०. पण निम्मे-निम्मे वाटून घाव १३० आणि वेग १.३ केला, तर १६९. एकाच सोन्यात नऊ अधिक.

तिसरी जात चिलखत भेदणाऱ्या सामग्रीची. एखादी वस्तू शत्रूचे ३० टक्के चिलखत जमेस धरत नाही असे समजू. शत्रूचे चिलखत २०० असेल तर ते १४० भासते, आणि आपला मारा बरोबर २५ टक्क्यांनी वाढतो. पण शत्रू नाजूक असून त्याचे चिलखत ३० च असेल, तर ते २१ भासते आणि मारा जेमतेम साडेसात टक्क्यांनी वाढतो. किंमत दोन्ही वेळा तीच. समोर दगडी माल्फाइट उभा असेल तर ही वस्तू सोन्याहून मोलाची. समोर सगळे नाजूकच असतील तर ती दुकानात राहिलेली बरी. तसेच शत्रूकडे सोराकासारखी जखमा भरणारी असेल, तर जखम भरून येण्याचे प्रमाण घटवणारी सामग्री कोणीतरी घ्यावीच लागते. ती घेतल्याने स्वतःचे आकडे फारसे वाढत नाहीत, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने घ्यावी अशी वाट पाहत बसतो, आणि सामना हातचा जातो.

शेवटी काळाचा विचार. सामना साधारण १५ ते २० मिनिटांचा. अकराव्या मिनिटाला हाती येणारे भारी शस्त्र श्रेष्ठ, की पाचव्या मिनिटाला मिळणारे मध्यम शस्त्र? पाचव्या मिनिटाला मिळालेले शस्त्र पुढची सहा मिनिटे कमाई वाढवत असते. ही कमाईवरची कमाई होय. म्हणून पुष्कळ वेळा मोठ्या वस्तूचे स्वस्त भाग आधी घेऊन काम चालवणे शहाणपणाचे. उलट, भांडवल साचवत बसून खिशात सोने ठेवून मेलेला वीर म्हणजे तिजोरी भरलेली आणि दुकान बंद, असा प्रकार. चुकीची घेतलेली वस्तू विकता येते. पण पूर्ण किंमत परत येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

नामांकित खेळाडूंच्या तयार बिल्ड सर्वत्र मिळतात. त्या पाहाव्यात, परंतु त्यांचा उपयोग मार्गदर्शक पुस्तकाइतकाच. कंपनी दर काही आठवड्यांनी वीरांच्या आणि वस्तूंच्या बळात फेरफार करीत असते. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे पाठ करणारा जसा यंदाच्या प्रश्नाने गडबडतो, तशीच गत तयार बिल्ड डोळे मिटून चढवणाऱ्याची होते. पहिल्या दोन वस्तू योजनेप्रमाणे घ्याव्यात. पुढच्या प्रत्येक वस्तूपूर्वी शत्रूच्या सामग्रीचा तक्ता उघडून पाहावा.

जे ताळेबंदात दिसत नाही

सामना संपला की पडद्यावर तक्ता येतो: कोणी किती मारले, किती वेळा मेला, किती मारण्यांत साहाय्य केले. हा तक्ता म्हणजे या खेळाचा ताळेबंद. आपण वाणिज्याचे विद्यार्थी जाणतो की ताळेबंदात तेच दिसते जे मोजले जाते. वेळेवर लावलेल्या वॉर्डमुळे जो हल्ला झालाच नाही, त्याची नोंद कोठे करणार? मित्राचा बाण चुकवावा म्हणून पाठीराखा पुढे झाला आणि मेला, तर तक्ता त्याला फक्त 'मेला' असे म्हणतो.

आणि येथेच आपल्याकडील भांडणांचे मूळ आहे. वसतिगृहांत या खेळापायी मित्रामित्रांत अबोला धरल्याचे प्रकार नवे नाहीत. बहुधा होते असे, की जो वयाने लहान, नवखा किंवा भिडस्त, त्याच्या माथी उरलेली भूमिका मारली जाते. मग सोने त्याला मिळत नाही, तक्त्यात त्याचे नाव खाली राहते, आणि हरल्यावर बोल मात्र त्यालाच लावला जातो. ज्याला काम स्वतःहून निवडता आले नाही त्याला त्या कामाचा अभिमान वाटत नाही, आणि अभिमान नसलेले काम नीट होत नाही.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये आरंभी भूमिका वाटून देण्याची सोयच नव्हती. पाच अनोळखी माणसे एकत्र येत आणि जो आधी 'मिड' असे टंकील त्याची मधली वाट, असा कारभार चाले. दोघांनी एकाच क्षणी टंकले की सामन्याआधीच लढाई जुंपे. अखेर २०१६ साली कंपनीने पद्धत बदलली: खेळाडूने आपल्या पसंतीच्या दोन भूमिका आधी नोंदवायच्या आणि त्या पाहून संघ जुळवायचा. भांडण माणसांच्या स्वभावात जितके होते तितकेच व्यवस्थेच्या अभावातही होते, हे यावरून दिसते.

पाठीराख्याचे मोल जाणकारांनी ओळखलेले आहे. २०१४ साली दक्षिण कोरियातील सोल येथे जागतिक विजेतेपदाचा अंतिम सामना झाला. सॅमसंग व्हाइट या संघाने तो ३-१ असा जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो त्या संघाच्या पाठीराख्याला. मैदानभर टेहळणीचे जाळे विणून शत्रूला आंधळे करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचे खेळातले टोपणनाव 'माता' असे आहे. कोरियन खेळाडूने ते काही मराठी अर्थाने घेतले नसणार. पण स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला भरवणाऱ्या या भूमिकेला याहून चपखल नाव आपल्या भाषेत सापडणे कठीण. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ प्रथमच पदकासाठी खेळला गेला आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियानेच नेले. एकेका भूमिकेत जन्म घालवणारी माणसे त्या देशात आहेत, हे त्याचे एक कारण असावे.

काही सूचना

आपल्या महाविद्यालयातील मित्रमंडळींसाठी चार सूचना करून लेख आवरता घेतो.

एक: पाच जणांचा कायम संघ असेल तर प्रत्येकाने एक मुख्य आणि एक पर्यायी भूमिका कागदावर लिहून ठेवावी. दोघांची मुख्य भूमिका एकच आली तर वरील तौलनिक लाभाचा हिशेब करावा. मोठ्या आवाजाचा नव्हे.

दोन: महिन्यातून निदान एकदा सर्वांनी भूमिका बदलून खेळावे. नेमबाजाने चार सामने पाठराखण केली की पाचव्या सामन्यात तो आपल्या पाठीराख्याला उणेदुणे बोलत नाही.

तीन: इशाऱ्यांचे शब्द आधी ठरवावेत. आपल्याकडे पाचांपैकी दोघे मराठी, दोघे कन्नड आणि एक दोन्ही बोलणारा, असा संघ सहज जमतो. लढाईच्या ऐन वेळी व्याकरणाला सवड नसते. 'मागे ये' म्हणा की 'हिंदक्के बा' म्हणा. शब्द दोन असोत वा तीन, पाचांनाही ते कळले पाहिजेत, एवढेच. या मासिकाचे दोन विभाग जसे एकाच बांधणीत शिवले जातात, तसेच ते आहे.

चार: वेळेचे अंदाजपत्रक करावे. सोने सामन्यानंतर शून्यावर येते आणि पुन्हा मिळते. सायंकाळ तशी परत मिळत नाही. दोन सामने ठरवले असतील तर दोनच. विशेषतः हरल्यावर तिसरा सामना वसुलीसाठी खेळू नये. बुडीत खर्च परत मिळवण्यासाठी नवा खर्च करू नये, हे आपण पुस्तकात वाचतोच.

आपण पुढे कोठे काम करू, बँकेत, पेढीवर, कारखान्यात की कचेरीत, हे आज कोणास ठाऊक? पण तेथेही पाच जणांत एकच चढाई करील आणि चौघे ती शक्य करतील. त्या चौघांपैकी होण्याची पाळी आपल्यावर आली, तर ते काम मन लावून करता यावे. आणि चढाईचा मान आपल्याला मिळाला, तर मागे ढाल धरून कोण उभे होते याची आठवण असावी. मोबाइलच्या पडद्यावर एवढे शिकता आले, तरी त्या पंधरा मिनिटांचा जमाखर्च बरोबर जुळला असे म्हणावयास हरकत नाही.